भिंतीवरची अक्षरे

ज्याला क्षर नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे लहानपणीच कानांवर पडते. पाटीवरचा पहिला श्रीकार दसऱ्याच्या मुहूर्तावर सरस्वतीचे पूजन करून काढावयाचा, लिहिलेल्या कागदाला चुकून पाय लागला तर तो उचलून कपाळी लावावयाचा, पोथी जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवावयाची, हे संस्कार देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या घरांतून आजही थोडेफार टिकून आहेत. अक्षराला ज्यांनी अशी देवघरातील जागा दिली, त्यांना भिंतीवरचे एखादे अक्षर मोडलेले दिसले की मूर्तीला चरा गेल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. अलीकडे आम्हांस हा अनुभव एका अगदी अनपेक्षित ठिकाणी येऊ लागला आहे. ते ठिकाण म्हणजे, मुले ज्यांत तासन्‌तास रमतात ते व्हिडिओ गेम.

या खेळांना पोरखेळ म्हणून बाजूस सारण्याचे दिवस गेले. प्राचीन मिसर, ग्रीकांची नगरे, राज्यक्रांतीच्या दिवसांतील पॅरिस, सामुराईंचा जपान, अशी गावेच्या गावे त्यांत उभी केलेली असतात. खेळणारा त्या गल्ल्यांतून हिंडतो, गच्चीवर चढतो, बाजाराच्या गर्दीतून वाट काढतो. कमानीचा बाक, पागोट्याचा पीळ, घोड्याचा साज यांवर शेकडो माणसांची वर्षे खर्ची पडलेली असतात. इतके सारे झाल्यावर त्या गावाच्या भिंतीवर, दुकानाच्या फळीवर, देवळाच्या पायरीवर काही अक्षरे येतात, आणि पुष्कळदा नेमका तेथेच सारा डोलारा कोसळतो. ती अक्षरे काढणाऱ्या चित्रकाराला ती भाषा येत नसते. त्याच्या लेखी ती नक्षी असते. ज्याची ती भाषा आहे, त्याच्या लेखी तो शब्द असतो. नक्षी आणि शब्द यांमधील या अंतराविषयी काही लिहावे, असा आमचा मानस आहे.

गोडादऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे अंतर वेगळे शिकवावे लागत नाही. सुरतेच्या आग्नेय अंगास, लिंबायत, डिंडोली आणि परवत पाटिया यांच्या शेजाराने वाढलेली ही वस्ती. कापडाच्या आणि यंत्रमागांच्या धंद्याने येथे चहूंकडची माणसे आणून वसविली. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी घरे येथे आहेत, राजस्थानातील आहेत, उत्तर प्रदेश व बिहारमधील आहेत, ओडिशातील आहेत. लिंबायतेकडे तेलुगू विणकरांची वस्ती आहे. आमच्यासारखी कोकणपट्टीतील तुरळक घरेही त्यांत मिसळून गेली आहेत. दहा पावले चालावे तो एका फळीवर गुजराती अक्षरे शिरोरेषेवाचून मोकळी बसलेली दिसतात. पुढच्या फळीवर हिंदीच्या डोक्यावर ती रेषा परत येते. आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत मंडळाच्या कापडी फलकावर खास आपले मराठी वळण उमटते. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालत आल्या आहेत, हे ज्यांनी ऐकले नसेल त्यांना आश्चर्य वाटेल. येथे राहणाऱ्यास वाटत नाही. अशा वस्तीतील मूल पुस्तकाआधी फळ्या वाचावयास शिकते. कोणत्या भाषेचे घर कोठे आहे, कोणाच्या दारी आपली बोली चालेल, हे त्याला भिंतीच सांगतात.

कोकणी घरांना तर ही गोष्ट आणखीच जिव्हाळ्याची. आपली ही भाषा नागरी, रोमन, कन्नड, मल्याळम व अरबी अशा पाच लिप्यांतून लिहिली गेली. १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, त्याच्या कितीतरी आधीपासून मंगळुरी आप्ताचे पत्र कानडी अक्षरांत आणि गोवेकराचे नागरीत वा रोमनमध्ये येत असे, आणि दोन्हींतून आवाज मात्र आईचाच ऐकू येई. ज्या समाजाने देव डोक्यावर घेऊन गाव सोडला आणि नव्या मुलखातील लिपी आपल्या भाषेसाठी उचलली, त्याला परकी अक्षरे म्हणजे काय आणि ती नीट उचलण्यास किती सायास पडतात, हे ठाऊक असते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरातील एक मुलगा आमच्याकडे बसून संगणकावर असाच एक खेळ खेळत होता. मुलगा सातवीतला, मराठी माध्यमाच्या शाळेत जाणारा. खेळाचे वा तो करणाऱ्यांचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. पडद्यावर भारतातील एक जुने नगर होते. तळे, दीपमाळ, देवळाचे शिखर, सारे मोठ्या हौसेने रंगविलेले. कमानीवर नागरी अक्षरे होती. मुलाने खेळ थांबविला आणि मोठ्याने वाचले, ‘मंदरि’. पुन्हा वाचले. आमच्या घरातील वृद्ध मावशी चष्मा सावरीत पुढे झाल्या आणि कोकणीत म्हणाल्या, “हें कितें बरयलां?” मुलाला कोकणी येत नसे, पण प्रश्न त्याचाही तोच होता. तो आम्हांकडे वळून म्हणाला, “काका, ही जुन्या काळची मराठी आहे का?”

त्या प्रश्नाने आम्ही चपापलो. चूक खेळाची होती. मुलाने ती मुकाट्याने आपल्या अज्ञानाच्या खाती मांडली. ज्यांनी एवढे सुंदर देऊळ उभे केले त्यांना साधा ‘मंदिर’ हा शब्द लिहिता येत नसेल, हे त्याच्या मनात येणे शक्य नव्हते. तेव्हा चुकले असेल ते आपलेच, आपल्याच भाषेचे काही रूप आपणांस ठाऊक नसेल, असा त्याने समज करून घेतला. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाची आपल्या भाषेवरची पकड आधीच सैल असते. घरात अहिराणी किंवा कोकणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी, अशा चौरस्त्यावर तो उभा असतो. त्या जागी जगभर फिरणाऱ्या एका देखण्या खेळाने त्याला मोडकी अक्षरे दाखवावीत आणि त्याने स्वतःच्या वाचण्यावरचा विश्वास घालवावा, ही हानी लहान नाही.

हे ‘मंदरि’ होते कसे, हे आम्ही त्याला समजावून सांगितले, आणि वाचकांसही ते ठाऊक असावे. संगणक अक्षरे साठवितो ती उच्चाराच्या क्रमाने. ‘दि’ लिहावयाचा तर आधी ‘द’ आणि मग इकार. कागदावर मात्र आपण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे काढतो. ही मागची खूण पुढे आणून बसविण्याचे काम अक्षरे मांडणाऱ्या यंत्रणेचे असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीत नागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावर बेतलेली आहे, आणि चांगल्या यंत्रणा हे काम बिनबोभाट करतात. परंतु खेळांची चित्रे रचण्याच्या कित्येक साधनांत ही सोय मुळात नसते, किंवा असली तरी ती चालू करावी लागते हे चित्रकारास माहीत नसते. मग ‘द’ची वेलांटी पलीकडच्या ‘र’वर जाऊन बसते, ‘शिव’ लिहावे तर ‘शवि’ उमटते, विठ्ठलाच्या नावातील जोडाक्षर पाय मोडून पडते. अरबीची गत याहून वाईट. एकमेकींत गुंफलेली अक्षरे सुटी सुटी होतात आणि उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ उलट्या पावलांनी चालू लागते. दोष यंत्राचा असतो, हे खरे. पण ती भाषा वाचणाऱ्या एका माणसाने एकवार नजर टाकली असती तर तो एका क्षणात ध्यानी आला असता, हे त्याहून खरे.

हे दुखणे एकट्या नागरीचे नाही. ‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव यांनी रचला. तो पश्चिमेकडे गेला तेव्हा रशियन झाक यावी म्हणून त्याच्या नावातील रोमन ‘आर’च्या जागी उलट्या ‘आर’सारखे दिसणारे रशियन अक्षर बसविण्यात आले. रशियन वाचक त्या अक्षराचा उच्चार ‘या’ असा करतो. ज्याच्या भाषेचा साज चढवावयाचा, नेमके त्यालाच ते नाव धड वाचता येऊ नये, अशी ही गंमत झाली. २००९ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या युद्धखेळात कराची शहर आले, आणि तेथील फलक उर्दूऐवजी अरबीत रंगविलेले निघाले. दोन्ही भाषांची लिपी एका कुळातील म्हणून भाषाही एकच, असा तो हिशेब. पुण्याच्या रस्त्यावर नेपाळी फलक लावण्यासारखाच हा प्रकार! त्याच खेळातील दुसऱ्या एका स्थळी स्नानगृहातील चित्राच्या चौकटीवर ईश्वराच्या सौंदर्याविषयीचे मुसलमानांचे एक पवित्र वचन आढळले. कोणाच्या मनात अवमान करावयाचा होता असे दिसत नाही. चौकटीवरची नक्षी म्हणून ते तेथे आले होते. मुसलमान खेळाडूंनी ते दाखवून दिले, आणि २०१२ साली कंपनीने ते स्थळ काही काळ काढून घेऊन चूक सुधारली. पायपुसण्यावर ॐकार छापलेला पाहून ज्यांचा जीव कळवळला असेल, त्या आमच्या वाचकांना त्या खेळाडूंची व्यथा समजावून सांगावयास नको.

या साऱ्यांत बोलका प्रसंग खेळातला नसून दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतला आहे. ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेसाठी बर्लिन येथे सीरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांवर अरबीत मजकूर खरडण्यासाठी काही कलावंतांस बोलावण्यात आले. मालिकेतील अरबांचे चित्रण त्या कलावंतांना मान्य नव्हते. त्यांनी भिंतीवर अरबीत लिहून ठेवले की, ही मालिका वंशद्वेषी आहे. चित्रीकरण झाले, संकलन झाले, ऑक्टोबर २०१५ मध्ये तो भाग जगभर दाखविला गेला. आणि एवढ्या वाटचालीत ते लिखाण वाचणारा एकही मनुष्य भेटला नाही. आपणच उभारलेल्या भिंतीवर आपलीच निंदा लिहिलेली, आणि घरधनी ती कौतुकाने मिरवतो आहे! अक्षराला नक्षी समजल्याचे याहून नेमके फळ कोणते असावे?

येथे कोणी विचारील की, मग शुद्धलेखनाच्या पंतोजीस बसवून सारे फलक तपासून घेतले म्हणजे झाले ना? तर तसे नाही. खऱ्या जुन्या भिंती शुद्ध नसतात. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याच्या भिंतींवर सामान्य जनांनी खरडलेल्या हजारो ओळी सापडल्या. त्यांत निवडणुकीचे आवाहन आहे, प्रेमाची कुजबूज आहे, उधारीची नोंद आहे, आणि शुद्धलेखनाच्या चुका तर पदोपदी आहेत. विद्वानांना त्या चुका रत्नांसारख्या वाटतात. कारण रस्त्यावरचा लॅटिन माणूस शब्द कसा उच्चारीत होता, ते पंडितांच्या ग्रंथांपेक्षा त्यांवरूनच नीट कळते. दूर कशाला, आपल्या शिवराईकडेच पाहावे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे पुढे दीर्घकाळ पाडले गेले, आणि त्याच्या कित्येक नमुन्यांवर ‘शिव’चे ‘सिव’ झालेले आहे, ‘पति’चे ‘पती’ झालेले आहे. ही चूक टांकसाळीतील कारागिराची. पण तो मराठी बोलणारा होता, आणि त्याच्या चुकीतूनही मराठी ऐकू येते. ‘मंदरि’तून काहीच ऐकू येत नाही. भाषा येत असलेल्याची चूक आणि भाषाच न येणाऱ्याची चूक यांत हा फरक आहे. इतिहासाचा खेळ करणाऱ्याने पहिली चूक हौसेने दाखवावी. तिने भिंत जिवंत होते. दुसरी मात्र भिंतीचा प्राणच काढून घेते.

त्याचप्रमाणे परकी अक्षरे दिसली की ती चुकीचीच, असे मानणेही बरोबर होणार नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज अमलातील घंटा मराठी मुलखात आल्या आणि आपल्या देवळांतून टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवली येथे, नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर, १७०७ सालची अशी एक घंटा आहे. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती उठविलेली आहे. नाशकास नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हा इसवी सन आहे. उद्या कोणी पेशवाईवर खेळ रचला आणि देवळाच्या घंटेवर रोमी आकडे व ख्रिस्ती मूर्ती दाखविली, तर न जाणणारा म्हणेल की चित्रकार चुकला. जाणणारा म्हणेल की, याने देऊळ पाहिलेले दिसते! खरा इतिहास आपल्या कल्पनेपेक्षा अधिक मिसळलेला असतो, आणि ती मिसळण दाखविण्यास अभ्यास लागतो.

सुरतेच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. १६९५ साली मक्केची यात्रा करून सुरतेस परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्या लुटीपायी सुरतेच्या वखारीतील इंग्रजांस कैदेत पडावे लागले. त्याच लुटीतील धनाचा शोध हा २०१६ सालच्या ‘अनचार्टेड ४’ या गाजलेल्या खेळाचा कणा आहे. खेळाची वाट स्कॉटलंडवरून मादागास्करला जाते. सुरत त्यात पाहावयास मिळत नाही. सुरतेचे धन खेळात गेले, सुरतेची अक्षरे मात्र मागे राहिली. ती दाखवावयाची म्हटली तर केवढे वैभव! मोगली रुपयावर फारसी, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत शिरोरेषा नसलेली वाणियाशाई, धर्मग्रंथांत नागरी, मराठ्यांच्या पत्रांत मोडी, वखारींतून इंग्रजी व डच, आणि कबरींच्या दगडांवर आर्मेनियन. ज्याला हे सारे नीट रंगविता येईल, त्याने सतराव्या शतकातील अर्धे जग रंगविल्यासारखे होईल.

याच मालिकेतील २०१७ सालचा ‘द लॉस्ट लेगसी’ हा खेळ तर भारतातच घडतो. त्यात पश्चिम घाटात होयसळांच्या वैभवाचा आणि गणपतीच्या दाताचा शोध आहे, व परशुरामाने तो दात तोडल्याच्या कथेचा आधार घेतलेला आहे. कोकणभूमी ज्याने समुद्रापासून मागून घेतली त्या परशुरामाला अमेरिकी खेळात भेटण्याचा योग आमच्या पिढीच्या नशिबी होता! होयसळांची बेलूर व हळेबीड ही स्थाने कर्नाटकातील हासन जिल्ह्यात आहेत. परकी अक्षरे कशी लिहावीत याचा वस्तुपाठ हवा असेल, तर त्याच जिल्ह्यात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी जावे. सुमारे इ. स. ९८१ मध्ये गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ही मूर्ती करविली. करविणाऱ्याचे नाव तेथे तीन भाषांत कोरलेले आहे. कन्नडात ‘माडिसिदं’ असे क्रियापद आहे, तमिळात त्या भाषेचे आहे, आणि नागरी लिपीत ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ असे आहे. पुढे होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने भोवतीचे आवार बांधविले, तेव्हाही ‘श्री गंगराजे सुत्ताले करवियले’ अशी ओळ आली.

‘करवियलें’ हे रूप मराठी म्हणावे की कोकणी, हा वाद पंडितांनी पुष्कळ रंगविला आहे. नागरी ओळीच्या नेमक्या काळाविषयीही मतभेद आहेत. दोन्ही भाषांच्या या मासिकात तो वाद उकरून काढण्यापेक्षा त्या ओळीवर दोघींनीही हक्क सांगावा, हे आम्हांस अधिक गोड वाटते. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. कन्नड मुलखातील त्या टेकडीवर उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूला वाचता यावे म्हणून त्याच्या भाषेत, त्याच्या लिपीत, त्याच्या क्रियापदाच्या ठेवणीत ती ओळ कोरली गेली. कोरणाऱ्याने कन्नड शब्दाला नागरी अंगरखा चढवून वेळ मारून नेली नाही. ती भाषा ज्याला येत होती अशा कोणाला तरी विचारूनच छिन्नी चालली असली पाहिजे.

विचारून लिहिण्याचे दुसरे उदाहरण आपल्या समाजाच्या अगदी घरचे आहे, आणि त्याचा एक धागा सुरतेत येऊन संपतो. हेंड्रिक व्हान ऱ्हेडे हा डच अधिकारी १६७० पासून मलबारचा प्रमुख होता. तेथील वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. या कामी त्याला मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचे, तसेच कोचीनच्या तीन गौड सारस्वत पंडितांचे साहाय्य झाले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ही त्यांची नावे. गोव्यातून देव व कुटुंबे घेऊन दक्षिणेस गेलेल्या समाजातील ते होते. ग्रंथातील माहिती खरी असल्याचे प्रमाणपत्र त्यांनी १६७५ साली कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत लिहून दिले, आणि ते पहिल्या खंडात तसेच्या तसे आले. वनस्पतींच्या चित्रांवरही रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांत नावे आहेत.

ॲमस्टरडॅमच्या कारागिराला त्यातील एक अक्षर वाचता येत असेल काय? तरीही मूळ हस्ताक्षर समोर ठेवून त्याने ते ताम्रपटावर रेघ न् रेघ उतरविले. गंमत अशी की रोमन लिपीत या पंडितांच्या नावांतील ‘भट’चे ‘बोत्तो’ होऊन बसले. नागरीत मात्र त्यांचे शब्द साडेतीनशे वर्षांनंतरही आपण वाचू शकतो. व्हान ऱ्हेडेपाशी संगणक नव्हता, छापील नागरी अक्षरांचे खिळे नव्हते. त्याने एवढेच केले की, ज्यांची भाषा त्यांच्या हाती लेखणी दिली आणि त्यांनी लिहिलेल्यात ढवळाढवळ होऊ दिली नाही. हा मनुष्य डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येत असता मुंबईजवळ समुद्रातच वारला. त्याची घुमटदार समाधी सुरतेत कतारगाम दरवाज्याकडील डच दफनभूमीत आहे. गोडादऱ्याहून थोड्याच मैलांवर. आम्ही तेथे गेलो की आमच्या मनात डच सत्तेचा इतिहास फारसा येत नाही. परक्याचे अक्षर जपणारा एक मनुष्य येथे विसावला आहे, एवढेच येते.

अर्थात आजच्या खेळकर्त्यांत अशी माणसे नाहीत असे नाही. ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स’ या प्राचीन मिसरवरील खेळाच्या निमित्ताने त्याच्या निर्मात्यांनी २०१७ साली मिसरी चित्रलिपी यंत्राच्या साहाय्याने वाचण्याचा एक उपक्रमच हाती घेतला, आणि त्यातून २०२० साली गूगलने ‘फॅब्रिशियस’ हे साधन अभ्यासकांसाठी खुले केले. जी भाषा दैनंदिन व्यवहारात बोलणारा आज एकही मनुष्य नाही, तिच्यासाठी एवढे कष्ट होऊ शकतात. मग कोट्यवधी माणसे जी भाषा रोज बोलतात, तिच्यासाठी एका वाचकाची नजर मिळू नये काय? ‘हा तर खेळ, त्यात भिंतीवरची अक्षरे कोण वाचतो?’ असे कोणी म्हणेल, त्याला आमचे उत्तर एवढेच की, ज्याची ती भाषा आहे तो वाचतो. कराचीचा मुलगा वाचतो, मॉस्कोचा वाचतो, गोडादऱ्याचाही वाचतो. आणि तो नुसते वाचत नाही, आपल्या भाषेची जगात काय किंमत आहे हे त्यावरून ठरवितो.

आता असे खेळ आपल्या शेजारीही तयार होऊ लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि आपल्या देवदेवतांच्या कथा यांवर तो उभा आहे. मराठी तरुण या धंद्यात आहेत, तेव्हा मराठी वा कोकणी वाचणारा मनुष्य शोधण्यास त्यांना दर्यापार जावयास नको. पण त्यांनी उद्या आपल्या देवस्थानांच्या दारी येऊन विचारले की, अठराव्या शतकातील देणगीदाराचा लेख कसा असे, मोडीतील सनद कशी दिसे, दीपमाळेवर नाव कसे कोरीत, तर दाखविण्यास आपणांपाशी काय आहे? कित्येक देवळांच्या दप्तरांत मोडी कागद रुमालात बांधलेले पडून आहेत आणि ते वाचणारे हात थोडे उरले आहेत. जुन्या फरशीवरील अक्षरे नवी फरशी बसविताना जमिनीखाली जातात. घंटेवरील लेख चिंच लावून घासताना झिजतो. या गोष्टींची चित्रे घेऊन, त्या वाचून, नीट टिपून ठेवण्याचे काम एखाद्या उत्सवाच्या खर्चाच्या अल्प अंशात होण्याजोगे आहे.

आमच्या शेजारच्या त्या मुलाला आम्ही त्या दिवशी शिवराईचे चित्र दाखविले. ‘सिव’ हे अक्षर पाहून तो हसला आणि म्हणाला, “हे चुकले आहे, पण कळते.” यंदा त्याने मोडीची बाराखडी मागून नेली आहे. ती त्याला कितपत साधेल, हे आजच सांगता येणार नाही.

परक्या अक्षराला हात लावण्यापूर्वी ते वाचणाऱ्याला एकदा विचारावे, एवढे सौजन्य जगाकडे मागण्याचा आपणांस अधिकार आहे. मात्र कोणी विचारावयास आलाच, तर उत्तर देण्याइतकी अक्षरओळख आपल्या घरांत आणि देवळांत शिल्लक असावी, ही काळजी आपली आपणच वाहिली पाहिजे.